जाड वॉल्व्हची ट्यूब

'टीना मॅडम' या नावातलं 'मॅडम' कधी गळालं, ते चंदाला वारासकट आठवत होतं. दिवाळी झाल्यावरचा दुसरा रविवार. अमर सायकलवरून आला, ओसरीला सायकल टेकवली, आंघोळ केली आणि ताटावर बसता बसता हसून म्हणाला, "आज टीनानं चढावर मले पाणी पाजलं, बाप्पा!"

चंदाच्या हातातली पळी वरणात तशीच थांबली. दोन महिने ज्या बाईचं नाव 'मॅडम' लावल्याशिवाय निघत नव्हतं, ती आज नुसती टीना झाली होती. चंदानं वरण वाढलं, तूप वाढलं आणि विचारलं, "भात देऊ का आणखी?"

अमरचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान साकोलीला, घर सानगडीला. तीन वर्षांपूर्वी साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितलं, तर यानं नागपूरच्या कोणाची वापरलेली रेसिंग सायकल आणली. बारीक टायरची, वाकड्या हँडलची. साकोलीचे आणखी चार-पाच जण जमले आणि दर रविवारी पहाटे हे लोक निघू लागले. पहिल्याच महिन्यात अमर पंक्चर सायकल ढकलत सात किलोमीटर चालत घरी आला. वाटेतल्या एकाही सायकलवाल्याकडं तसल्या चाकाची ट्यूब नव्हती.

चंदानं ती सायकल अंगणात उलटी केली, बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडा शोधला आणि अर्ध्या तासात चाक बसवून दिलं. अमर बघतच राहिला. बायको सायकलवाल्याची पोर आहे हे त्याला ठाऊक होतं, पण अकरा वर्षांत तिच्या हातात पाना त्यानं कधी पाहिला नव्हता. आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली तिच्या बापाचं, सेवकरामचं दुकान होतं. त्याला दोन्ही पोरीच, आणि थोरली चंदा दहाव्या वर्षापासून बापाशेजारी बसून पंक्चर काढायची. जंगलातून मोहफुलं आणणाऱ्या माणसांच्या सायकली, शाळेच्या पोरींच्या सायकली तिच्या हाताखालून गेल्या. लग्न झालं आणि ते हात पोळपाटाला लागले.

त्या दिवसापासून दर शनिवारी संध्याकाळी चंदा अमरची सीटखालची पिशवी घेऊन ओसरीवर बसू लागली. पिशवी केवढी, तर दोन मुठींएवढी. पण रस्त्यावर अडलेल्या माणसाचं सगळं त्यात मावलं पाहिजे, आणि चालताना खडखडता कामा नये. नवी ट्यूब ती आधी पावडर लावून घट्ट गुंडाळायची आणि वॉल्व्हचं टोक चिंधीत बांधायची, नाहीतर पिशवीतल्या पिशवीतच घासून ट्यूबला भोक पडतं. टायर काढायच्या दोन लिव्हरी, काचपेपरचा तुकडा, पॅच. सोल्यूशन मात्र दर दोन महिन्यांनी नवं. ते एकदा उघडलं की आतल्या आत सुकतं आणि वरून भरलेलंच दिसतं. चेनची एक जोडकडी, एलन पान्यांचा गुच्छा, टायर चिरलंच तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. अमर बाजूला मोबाईल बघत असायचा. "झाली का व?" "झाली." एवढंच बोलणं व्हायचं. पण त्या अर्ध्या तासासाठी चंदा आठवडाभर वाट बघायची.

आणि आता त्या रविवारांमध्ये टीना शिरली होती.

टीना नागपूरची. साकोलीला तिनं फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला होता आणि एकटीच राहायची. तिशीची असेल. चंदानं तिला प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, फोटो मात्र पाहिला होता. ग्रुपवर आलेल्या त्या फोटोत पाच माणसं होती, पण चंदाला दोनच दिसत. ती बोटांनी फोटो मोठा करी. अमर हसतोय. कोणाकडं बघून हसतोय? फोटो काढणाऱ्याकडं की बाजूला? दुपारी भांडी घासताना, भाजी निवडताना हाच हिशेब. टीना शंभर किलोमीटर मारते, टीना चहात साखर घेत नाही, टीनानं सांगितलं सीट दोन बोटं वर घ्या, कंबर दुखणार नाही. खरंच दुखायची थांबली, हे तर चंदाला आणखीच लागलं. तीन वर्षं कंबरेला तेल तिनं चोळलं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी अमरनं आपल्या पिशवीशेजारी दुसरी एक पिशवी ठेवली. जांभळी, कोरी.

"हेबी भरून दे. टीनाची आहे. उद्या गोसीखुर्दले जाऊन राहिलो, जाऊन-येऊन शंभराच्या वर जाते. तिच्याजवळ काहीच नाही राहत. म्या म्हटलं, मी भरून देतो."

"तुमी भरून देतो म्हटलं?"

"हाव. मंग काय म्हणू?"

तो शेजारी बोलायला निघून गेला. चंदा दोन्ही पिशव्या समोर घेऊन बसली. त्या एका 'मी'नं तिच्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे तीन वर्षं रस्त्यावर जे जे कामाला आलं, ते त्यानं भरलेलं होतं. आणि आता तिनं तिच्याच हातानं, त्याच्या नावानं, त्या बाईसाठी भरायचं!

तिनं अमरची पिशवी आधी भरली. मग जांभळी. लिव्हरी, काचपेपर, पॅच, नवं सोल्यूशन, काहीच कमी केलं नाही. शेवटी बापानं दिलेल्या लोखंडी पेटीतून ट्यूब काढायला तिनं हात घातला, तर हाताला दोन ट्यूबा लागल्या. एक बरोबर होती. दुसरी अमरनं मागं मोबाईलवरून मागवताना चुकून आलेली. मापानं तीच, पण वॉल्व्ह जाड, मोटारसायकलला असतो तसा. या रेसिंगच्या चाकांच्या रिमचं भोक बारीक असतं. त्यात बारीक वॉल्व्हच जातो, जाड वॉल्व्ह जन्मात शिरत नाही.

चंदा दोन्ही ट्यूबा हातात घेऊन बराच वेळ बसली.

"बसू दे एक दिवस रस्त्यावर," ती पुटपुटली. जाड वॉल्व्हच्या ट्यूबला तिनं पावडर लावली, घट्ट गुंडाळली, वॉल्व्ह चिंधीत असा बांधला की उघडल्याशिवाय कळू नये. चांगल्या ट्यूबला घेतली नसती एवढी काळजी तिनं तिला घेतली. मग चेन ओढून पिशवी बंद केली.

सकाळी अमर गेल्यावर तिचं कशात लक्ष लागेना. पंक्चर होऊ नये असं एकदा वाटायचं, आणि दुसऱ्या क्षणी व्हावंच असं. साडेदहा वाजले असतील. ती अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती, तेवढ्यात फोन वाजला.

"चंदा, टीनाची सायकल पंक्चर झाली," अमर म्हणाला. आवाज रडवेला. "म्या माही ट्यूब टाकून देली. अर्धा किलोमीटर गेलो तं तेबी बसली. मंग तिच्या पिशवीतली काढली, तं तिचा वॉल्व्ह भोकात जाऊनच नाही राहिला."

"पॅच लावा न."

"तीन लावले. चिकटतच नाहीत." मग मागं कोणाचा तरी आवाज आला, आणि अमर म्हणाला, "धनंजय म्हणते का रिमचं भोक मोठं करून घेऊ. इथं एक वेल्डिंगवाला आहे, त्याच्याजवळ ड्रिल आहे. दोन मिनिटाचं काम."

 चंदाला फक्त 'करा' म्हणायचं होतं. 'करा'सुद्धा नाही, नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी झालं असतं. ते चाक कायमचं वाया गेलं असतं, आणि कोणाचंही बोट तिच्याकडं गेलं नसतं. पण डोळ्यापुढं ती पातळ रिम आली, तिच्या कडेला गेलेला बारीक तडा आला, आणि भरधाव उतारावर फाटलेलं चाक आलं. 

"हात लावू नका!" ती ओरडली. "ऐकलं का जी? त्या चाकाले कोणी हात लावू नका. कुठं आहा तुमी?"

परतीच्या वाटेवर, पालांदूरच्या पुढं, मोहाचं मोठं झाड आहे तिथं, असं अमरनं सांगितलं. चंदानं लोखंडी पेटी स्कुटीत पायापाशी ठेवली आणि निघाली. बांध्यांमधलं धान कापून झालं होतं, जागोजागी धानाच्या पेंढ्यांचे पुंजणे रचलेले होते. थंडीचं ऊन चांगलं वर आलं होतं. चाकाची भीती जरा ओसरली तसा मघाचा जळफळाट पुन्हा वर आला. दोघं झाडाखाली बसली असतील. तो तिला पाणी देत असेल. ती हसत असेल. चंदानं स्कुटीचा कान पिळला.

मोहाच्या झाडाखाली तसलं काहीच नव्हतं. अमर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होता, हात कोपरापर्यंत काळे, पुढ्यात ट्यूबा आतड्यांसारख्या पसरलेल्या. धनंजय, म्हणजे त्यांच्या ग्रुपातला तहसीलमधला बाबू, आपल्या जाड टायरच्या सायकलीला टेकून उभा होता. बाकीचे दोघं पुढं निघून गेले होते. आणि टीना दगडावर बसून फोनवर बोलत होती.

"आजोबांना म्हणा, अजून तासभर बसा. मी निघालेच आहे. हो, रिक्षावाल्याला थांबवा, परत लाखनीला पाठवू नका." फोन ठेवून तिनं डोळे मिटून घेतले. ओठ सुकले होते, चेहऱ्यावर धुळीचे ओघळ. फोटोतल्यापेक्षा ती लहान दिसत होती. तिनं चंदाला पाहिलं आणि उठून उभी राहिली. "वहिनी? तुम्ही कशाला आलात? अकराला माझे एक पेशंट आहेत, लकवा झालेले. रविवारीच आणता येतं त्यांना."

 चंदा पदर खोचून खाली बसली, चाक मांडीवर घेतलं आणि टायरच्या आतून बोट फिरवायला लागली. सावकाश, इंच इंच. अमर म्हणाला, "म्या पाह्यलं, काही नाही आतमंदी." चंदाचं बोट थांबलं. तिनं पकडीनं आतून बाभळीच्या काट्याचं टोक ओढून काढलं, तांदळाच्या कणीएवढं, आणि अमरच्या काळ्या तळहातावर ठेवलं.

"यानंच तुमची ट्यूब खाल्ली."

मग तिनं पेटीतली बारीक वॉल्व्हची ट्यूब घेतली, थोडी हवा भरून टायरमध्ये बसवली आणि लिव्हर न लावता, नुसत्या अंगठ्यांनी टायरची कड रिममध्ये ढकलली. तिघं बघत होते. दहा मिनिटंही लागली नाहीत.

"तुम्ही कुठं शिकलात हे?" टीनानं विचारलं.

"माह्या बाबाचं दुकान आहे आंबागडले."

धनंजय हसला. "अमर तं म्हणे का सगळं तोच करते! मागं माही चेन तुटली, तवा जोडकडी काढून देली आन् म्हणे, मी दर शनिवारी पिशवी भरतो."

अमर खाली बघून ट्यूबा गोळा करत राहिला. टीनानं त्यातली जाड वॉल्व्हची ट्यूब उचलली आणि निरखून पाहिली. "मग ही कोणी भरली?"

"माह्याच हातून चुकलं," अमर पटकन म्हणाला. "गडबडीत."

चंदानं त्याच्याकडं पाहिलं. तो तिला वाचवत नव्हता. पिशवी आपणच भरतो हे त्यानं सांगितलं होतं, ते मोडू नये म्हणून चूकसुद्धा त्यानं आपल्या नावावर घेतली. ती गप्प बसली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण चूक! सेवकरामच्या पोरीला वॉल्व्ह ओळखता आला नाही, असं या तिघांच्या मनात राहणार. आणि लाखनीचा तो म्हातारा तिकडं बाकावर बसलेला. तिला ते सहन होईना.

"चुकलं नाही," ती म्हणाली. "पिशवी म्या भरली. ट्यूबबी मीच टाकली. जाणून टाकली."

 रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धानाची पोती घेऊन गेला, तो जाईपर्यंत सगळे तसेच उभे राहिले.

"मी तुमचं काय केलं होतं?" टीनानं विचारलं. 

"काही नाही."

"मग?"

 "हे घरी रोज तुमचंच नाव घेतेत," चंदा म्हणाली.

 टीना अमरकडं वळली. "आणि आमच्यात यांचं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाही."

तिनं हेल्मेट घातलं, सायकलवर टांग टाकली आणि एकटीच निघून गेली. जांभळी पिशवी तिच्या सीटखाली रिकामी लोंबत होती.

घरी आल्यावर अमर उसळला. "सगळ्यांसमोर माही लाज घालवली तू! आता ग्रुपात तोंड कसं दाखवू?"

"आन् त्या बाईचं काय? तिच्याशी वाईट वागली ते मी. तुमी कायले भडकता?"

"तुले तिचा संशय आला!"

"आला. येणार नाही का? मॅडमची टीना झाली, म्या काहीच नाही म्हटलं." चंदाचा आवाज फुटला. "आन् माहं तं नावच नाही. तुमच्या तोंडून माहं नाव निघालं असतं न एकदा, तं म्या तिची पिशवी सोन्यासारखी भरून देली असती."

अमर दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता, कपात बघत म्हणाला, "ग्रुपात सगळे डॉक्टर, इंजिनेर, सरकारी बाबू आहेत, चंदा. मी खतवाला. एकच गोष्ट मले येते म्हणून ते मले मानत. तेबी माही नाही, हे कसं सांगू?"

चंदाला राग आला, कीवही आली. "मानत होते ते मले मानत होते," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

पुढच्या रविवारी अमर सायकलवर गेला नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी चार वाजता अंगणात सायकलची घंटी वाजली. टीना होती. तिनं सायकल उभी केली, सीटखालची जांभळी पिशवी सोडली आणि ओसरीवर चंदाच्या समोर ठेवली.

"मला भरायला शिकवा," ती म्हणाली. "तुम्ही भरलेली पिशवी मी आता लावणार नाही. माझी मीच भरणार. पण मला येत नाही."

चंदाच्या मनात 'माफ करा' असं काहीतरी आलं होतं, पण निघालं ते वेगळंच. "बसा," ती म्हणाली. "पाणी आणते."

मग दोघी बसल्या. चंदानं एक जुनी ट्यूब मुद्दाम टाचणीनं टोचली आणि टीनापुढं टाकली. टीनाचा पहिला पॅच लगेच निघून आला.

"घाई केली तुमी. सोल्यूशन लावलं का सुकू द्या. बोट लावलं तं चिकटलं नाही पाहिजे, तवा पॅच ठेवायचा. हे तेच करतेत," तिनं ओसरीला टेकलेल्या अमरच्या सायकलीकडं हनुवटी केली, "ओलंच चिकटवतेत."

टीनाला हसू आलं, तिनं ते दाबलं. दुसरा पॅच बसला. तिची बोटं लांब होती, नेमकी होती, माणसांचे सांधे ओळखणारी. चंदाला जे शिकायला बापाकडं महिना लागला होता, ते तिनं तासाभरात उचललं. चंदाला तिचा पुन्हा हेवा वाटला. पण या हेव्यात अमर कुठंच नव्हता.

पिशवी भरताना चंदानं नवी ट्यूब पुढं केली. टीनानं ती घेतली, वरची चिंधी सोडून वॉल्व्ह पाहिला, बारीक आहे याची खात्री केली आणि मग पुन्हा गुंडाळली. चंदाच्या समोर, तिच्या तोंडाकडं न बघता. चंदाला ते झोंबलं. 'बरोबर आहे,' तिनं मनाला सांगितलं.

तेवढ्यात अमर दुकानातून आला. ओसरीवर दोघी, मध्ये टायर, पेटी उघडी. तो उंबऱ्यापाशी थबकला. टीनानं नुसती मान हलवली, चंदानं वरही पाहिलं नाही. मग आत जाऊन त्यानं स्वतःच चहा ठेवला. तीन कप आणून त्यानं खाली ठेवले आणि आपलीही चटई ओढली.

"मलेबी दाखव न," तो म्हणाला.

टीना आहे म्हणून तो म्हणतोय की खरंच, ते चंदाला कळलं नाही. पण इतक्या वर्षांत त्यानं तिला असं काही विचारलं नव्हतं.

"आधी चाक काढा तुमचं," ती म्हणाली. "मागचं. पुढचं कोणालेबी येते."

अमरनं सायकल उलटी केली, चेनमध्ये बोट अडकवून घेतलं, 'आई गं' केलं आणि मदतीसाठी तिच्याकडं पाहिलं. चंदानं चहाचा घोट घेतला. तिनं हात पुढं केला नाही.

"करा, करा," ती म्हणाली. "बसली आहे मी इथंच."